कांदळवनातील पहिले वल्हे

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाची पाण्याशी ओळख दोनच प्रकारांनी होते. उन्हाळ्यात ती हंड्यातून होते आणि पावसाळ्यात पुरातून. आपल्या भागात पाणी नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. १८९२ साली पुरा झालेला तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी ज्या भातसा धरणातून जाते, तेही याच तालुक्यात आहे. तरीही एप्रिल-मे उजाडला की धरणांच्या कुशीतल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पुढे जुलै येतो आणि कुठल्या तरी धबधब्यावर, कुठल्या तरी डोहात तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. ज्या भागातून एवढे पाणी जाते, त्या भागातल्या मुलांना पाण्यात कसे वागावे हे कोणी शिकवीत नाही, हा विरोधाभास मला फार दिवस खुपत होता.

मुलग्यांचे त्यातल्या त्यात बरे असते. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून एखादा मामा त्यांना विहिरीत ढकलतो आणि चार दिवसांत ते पोहू लागतात. मुलींच्या वाट्याला मात्र विहीर येते ती काठावरूनच. मी मुरबाड तालुक्यातल्या एका खेड्यातली. काळू नदी घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही मला पोहता येत नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींची हीच स्थिती आहे.

अशा स्थितीत गेल्या डिसेंबरात आमच्या भूगोल विभागाची अभ्याससहल गोव्यास गेली. मांडवी नदीतील चोडण बेटाजवळ, कांदळवनातल्या खाडीत, आम्ही बारा जणांनी एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली दोन तास कयाक चालविली. त्या बाराजणांतील सात जणांना पोहता येत नव्हते. परत आल्यावर अनेकांनी विचारले, "भीती नाही वाटली?" काहींनी विचारले, "आम्हांला जमेल का?" या दोन प्रश्नांची उत्तरे सविस्तर द्यावीत, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. आमच्या गमतीजमतींचे वर्णन करण्यापेक्षा, उद्या आपल्यापैकी कोणी असा जलप्रवास करू म्हटले तर त्याने काय जाणून घ्यावे, यावर मी भर दिला आहे.

कयाक म्हणजे काय?

कयाक ही लांबट, निमुळती, हलकी होडी. तिचा जन्म आपल्याकडचा नव्हे. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी बनविली. त्या प्रदेशात झाडे नाहीत. तेव्हा समुद्रातून वाहत आलेले लाकूड किंवा देवमाशाची हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलची कातडी ताणून शिवायची, अशी ती नाव असे. साध्या होडीच्या वल्ह्याला एका बाजूसच पाते असते. कयाकच्या वल्ह्याला मात्र दोन्ही टोकांना पाती असतात. बसणारा तोंड पुढे करून बसतो आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे पाणी मागे सारतो. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकपासून या होड्यांच्या शर्यतींना ऑलिंपिकमध्ये स्थान आहे.

नवशिक्यांना जी कयाक देतात ती यापेक्षा निराळी असते. ती जाड प्लास्टिकची, रुंद आणि वरून बंद असते. आपण तिच्या आत शिरत नाही, तर वरच्या खोलगट जागेवर बसतो. तिचे पोट पोकळ आणि बंद असल्यामुळे ती बुडत नाही. वर उडालेले पाणी तळापर्यंत गेलेल्या भोकांतून आपोआप निघून जाते. होडीला भोके पाहून आमच्यातल्या एकीचे तोंड उतरले होते! परंतु या भोकांच्या नळ्या पोकळ पोटातून आरपार गेलेल्या असतात. पोटात पाणी शिरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती उलटली तरी आत अडकण्याची भीती नसते. माणूस सरळ पाण्यात पडतो आणि अंगातले जाकीट त्याला वर ठेवते. हे जाकीट म्हणजे आपल्या विहिरीवरच्या भोपळ्याचेच सुधारलेले रूप होय.

कांदळवनाची रचना

कांदळवन म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या झाडांचे रान. नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग मंदावतो आणि डोंगरातून आणलेला गाळ ती खाली टाकते. या गाळात दिवसातून दोनदा खारे पाणी चढते आणि दोनदा उतरते. आंबा, फणस अशा जागी दोन दिवस टिकणार नाहीत. कांदळवनातल्या झाडांनी मात्र तेथे राहण्याच्या युक्त्या साधल्या आहेत.

पहिली अडचण श्वासाची. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. त्यांना श्वसनमुळे म्हणतात. एका झाडाभोवती अशी शेकडो मुळे उभी असतात. लांबून पाहिले तर कोणी चिखलात खुंट्या ठोकल्यासारखे वाटते. दुसरी अडचण उभे राहण्याची. कांदळ जातीची झाडे खोडापासून कमानीसारखी मुळे चहूकडे फेकतात आणि मंडपाच्या खांबांप्रमाणे त्यांवर तोलून राहतात. तिसरी अडचण मिठाची. कांदळाची मुळे पाणी शोषतानाच बरेचसे मीठ बाहेर अडवितात. तिवर मात्र मीठ आत घेतो आणि पानांवाटे बाहेर टाकतो. मार्गदर्शकाने आम्हांला तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावायला सांगितले. खरोखरच खारट लागले.

चौथी युक्ती मला सर्वांत नवलाची वाटली. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखा हिरवा कोंब फळातून खाली लोंबू लागतो आणि पुरेसा वाढला की खाली पडतो. चिखलात रुतला तर तिथेच झाड होते. पाण्यात पडला तर तरंगत जाऊन दुसऱ्या काठाला लागतो. एवढ्या खारट आणि हलत्या जागी उघड्या बीचा निभाव लागणे कठीण, म्हणून आई लेकराला चालता करूनच घराबाहेर पाठविते असे म्हणावयास हरकत नाही.

याच वनस्पतींपैकी पांढरी चिप्पी हिला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. कांदळवनाच्या मुळांत कोळंबी, बोय, जिताडा यांची पिल्ले लहानाची मोठी होतात. चिखलावर उड्या मारणारे निवटे आणि एकच मोठी नांगी हालवीत बसणारे खेकडे तर कयाकमधून हातभर अंतरावर दिसतात. मोटारबोटीतून हे पाहता येत नाही. तिचा आवाज ऐकून सारे बिळात शिरतात, शिवाय ती अरुंद ओहोळात जाऊही शकत नाही. कयाकला मात्र वीतभर पाणी पुरते आणि तिला आवाज नाही, म्हणून कांदळवन पाहण्यास हे वाहन सर्वांत योग्य.

भरतीचे गणित

कांदळवनात शिरण्यापूर्वी माहीत असलीच पाहिजे अशी एक गोष्ट म्हणजे भरतीची वेळ. आपली नदी एकाच दिशेने वाहते. खाडी दोन्ही दिशांनी वाहते. साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी पुष्कळ चढते व पुष्कळ उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्यास भांग म्हणतात.

कोकणातल्या कोळ्यांचा यासंबंधी एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन; म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पंधरवडा बदलला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते. हा ठोकताळा आहे हे विसरू नये. अचूक वेळ छापील कोष्टकात पाहावी, पण ठोकताळा पाठ असला तर कोणी आपल्याला भलत्या वेळी पाण्यात नेत असेल तर ते आपल्याला कळते.

आम्ही गेलो त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, आणि गोव्याचा तासभर वजा केला की आठ. मार्गदर्शकाने आम्हांला सकाळी साडेसहाला बोलावले होते. अर्धा तास काठावर शिकवून तो सात वाजता आम्हांला पाण्यात घेऊन गेला. चढत्या पाण्याबरोबर आत जायचे, पाणी थबकते त्या सुमारास आत विसावायचे आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यायचे, अशी ही योजना. जाताना व येताना दोन्ही वेळा प्रवाह आपल्या बाजूचा! तीच सहल चार तास उशिरा काढली असती, तर त्या अरुंद ओहोळांत गुडघाभर चिखल उरला असता आणि होड्या तिथेच रुतल्या असत्या. सकाळची वेळ धरण्यास आणखी एक कारण आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि हलकी कयाक वाऱ्याने भरकटते. पावसाळ्यात असल्या सहली बंद असतात, आणि तेच योग्य आहे.

काठावरचा धडा

आमचा मार्गदर्शक जवळच्याच गावचा होता. त्याच्या बोलण्यात कोकणी आणि मराठी सारखीच मिसळलेली. आम्ही त्याला दादा म्हणत होतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "पोहता कोणाकोणाला येत नाही? लाजू नका. फिट येणारे, दमा असणारे कोणी असेल तर तेही सांगा." ज्यांना पोहता येत नव्हते त्यांना त्याने पोहणाऱ्यांबरोबर जोडीने बसविले. मार्गदर्शक चांगला की वाईट हे त्याच्या या पहिल्या प्रश्नावरून ओळखावे असे मला वाटते.

नंतर जाकिटे. जाकीट अंगात घालून भागत नाही. त्याचे सगळे पट्टे आवळावे लागतात. आवळून झाल्यावर दुसऱ्याने खांद्यांशी धरून ते वर ओढून पाहावे. कानापर्यंत वर आले तर ते सैल आहे. पाण्यात सैल जाकीट वर जाते आणि माणूस खाली राहतो. छायाचित्र चांगले यावे म्हणून जाकीट काढणारे लोक सर्वत्र भेटतात. त्यांचे अनुकरण करू नये.

मग वल्हे धरण्याचा धडा. दोन्ही हातांत वल्हे घेऊन ते डोक्यावर धरावे. कोपरांचा काटकोन झाला की हातांतले अंतर बरोबर. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे असावी. पाते पावलांच्या शेजारी पाण्यात बुडवायचे, काठाशी समांतर मागे ओढायचे आणि कमरेपाशी आले की उचलायचे. नवशिका माणूस केवळ हातांनी ओढतो आणि दहा मिनिटांत दमतो. खरे काम कमरेने व पाठीने करायचे असते. जात्यावर दळताना किंवा विहिरीवरून दोर ओढताना आपले अंग जसे वळते, तसेच ते येथे वळते. आमच्या खेड्यातल्या मुलींना हे शहरातल्या मुलांपेक्षा लवकर साधले, हे मी अभिमानाने नमूद करते.

वळायचे असल्यास पाते होडीपासून दूर, अर्धवर्तुळात फिरवावे. उजवीकडे फिरविले की होडी डावीकडे वळते. थांबायचे असल्यास पाते उलटे, मागून पुढे ढकलावे. जोडीच्या कयाकमध्ये पुढचा ठेका धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो. पुढच्याने मागे वळून सूचना देत बसू नये. मागच्याने पुढच्याच्या तालावर वल्हे मारावे, नाहीतर दोन वल्ही एकमेकांवर आपटतात. संसारातही हेच तत्त्व उपयोगी पडत असावे असे आमचे सर म्हणाले!

पाण्यावर

पहिली दहा मिनिटे सर्वांचीच तारांबळ उडते. होडी सरळ जात नाही, काठाकडे धावते. माणूस घाबरून जोरात वल्हे मारतो आणि ती आणखी वळते. "पाण्याशी भांडू नका, ताई," दादा म्हणाला. "वल्हे थांबवा. ती आपोआप शांत होईल." हा उपदेश मला शेवटपर्यंत उपयोगी पडला. नजर होडीच्या टोकावर न ठेवता दूरच्या एखाद्या झाडावर ठेवली की होडी सरळ जाऊ लागते. कोणी सायकल शिकले असेल तर त्याला हे वेगळे सांगायला नको.

दादा सर्वांत पुढे असे आणि त्याचा साथीदार सर्वांत मागे. या दोघांच्या बाहेर कोणी जायचे नाही. दोन होड्यांत किमान एका होडीइतके अंतर ठेवायचे. एक शिट्टी म्हणजे थांबा, तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. मुख्य प्रवाह सोडून अरुंद ओहोळात शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंची झाडे डोक्यावर एक झाली आणि वल्ह्यांचा आवाज तेवढा उरला. एक खंड्या निळी रेघ ओढावी तसा पुढून गेला.

येथे नवशिक्यांच्या हातून एक चूक हमखास होते, ती आवर्जून सांगते. प्रवाहाने होडी झाडाजवळ गेली की माणूस वरची फांदी धरतो. फांदी हातात राहते, होडी पुढे जाते आणि माणूस पाण्यात! फांदी कधीही धरू नये. पुढे वाकून खालून जावे. होडी मुळांवर जाऊन टेकली तर अंग झाडाकडेच झुकवावे. उलट दिशेला कललो तर प्रवाह होडीची कड उचलून तिला पालथी करतो. चिखलात उतरू नये, कारण पाय मांडीपर्यंत जातो. मुळांना हात लावू नये, कारण त्यांवर चिकटलेली कालवे पात्यासारखी कापतात. पाण्यात हात लोंबकळत ठेवू नये. मांडवीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत.

चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली स्थापन झालेले हे अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे पोचता येते. त्याच्या हद्दीत शिरण्यास वनखात्याची परवानगी लागते. ती आहे का, हे आपणच विचारून घ्यावे.

होडी उलटली तर?

हाच प्रश्न सर्वांच्या मनात असतो. म्हणून दादाने शेवटी, मोकळ्या व खोल पाण्यात, आम्हांला एकेकाला मुद्दाम पाण्यात पडायला लावले. मी पाण्यात पडले, क्षणभर कानांत पाणी भरले आणि दुसऱ्याच क्षणी जाकिटाने मला वर आणले. तोपर्यंत मला पाणी म्हणजे तळाकडे ओढणारी वस्तू असे वाटत होते. ते वर उचलतेही, हे मी पुस्तकात आर्किमिडीजच्या सिद्धांतात वाचले होते. अंगाने त्या दिवशी कळले.

पाण्यात पडल्यावर चार गोष्टी क्रमाने कराव्यात. पहिली, होडी व वल्हे सोडू नये. होडी बुडत नाही आणि लांबून दिसते. दुसरी, हातपाय न झाडता पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. तिसरी, उथळ पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, पाय चिखलात अडकतात. चौथी, मार्गदर्शकाची वाट पाहावी. तो होडी सरळ करून एका बाजूने धरून ठेवतो. आपण दुसऱ्या बाजूने पाय मारीत पोट होडीवर आणावे, मग पालथे वळून बसावे. दोनतीन प्रयत्नांत सर्वांना हे जमले.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. भीती वाटली. परंतु ती अंगातले धाडस वाढल्याने गेली नाही, पाण्याविषयीची माहिती वाढली तेव्हा गेली. धबधब्याखाली उडी मारणाऱ्या मुलाजवळ धाडस असतेच. त्याच्याजवळ जाकीट नसते, प्रवाहाची माहिती नसते आणि थांबविणारा दादा नसतो.

आपल्या नद्यांचे शेवटचे टोक

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे सारे गोव्याकडचे. आपल्या डोंगराळ तालुक्यांचा कांदळवनाशी संबंध काय? संबंध अगदी रक्ताचा आहे. मुरबाडची काळू नदी माळशेजकडच्या डोंगरातून येते. शहापूरची भातसा तिला मिळते आणि दोघी कल्याणजवळ उल्हास नदीत जातात. उल्हास पुढे ठाण्यापाशी खाडी होते. तिचा मुख्य ओघ वसईच्या खाडीतून समुद्रास मिळतो. शहापूरच्या तानसेचे पाणी वैतरणेतून समुद्रास जाते. या खाड्यांच्या काठचा काळा चिखल म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे पीठ आणि त्यावर उभी असलेली कांदळवने म्हणजे आपल्याच नद्यांची शेवटची झाडे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आपल्या जिल्ह्याचा बहुतेक मोकळा समुद्रकिनारा गेला, तरी खाडी आपल्याकडे उरली आहे.

मग कयाक चालवायला पाचशेवर किलोमीटर दूर का जावे लागले? याचे उत्तर दुःखद आहे. उल्हास नदीत वाटेतल्या शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी इतके मिसळते, की तिच्या खाडीत नवशिक्याला मुद्दाम पाण्यात पाडण्याचे धाडस कोणी शहाणा मार्गदर्शक करणार नाही. आपण काळूत टाकलेली प्लास्टिकची पिशवी पुराबरोबर खाली जाते आणि कुठल्या तरी तिवराच्या श्वसनमुळांवर जाऊन बसते. तिथे पाणी चढते-उतरते, पिशवी मात्र निघत नाही. झाडाचे नाक दाबल्यासारखेच ते आहे.

तरीही चित्र सर्वस्वी काळे नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली कांदळवने तोडण्यास बंदी घातली आणि २०१८ सालच्या निकालात तिला कायमचे बळ दिले. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष निघाला. ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने ते पाहता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून स्वतः होड्या वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवितात. ज्या खाडीकडे पूर्वी कोणी फिरकत नव्हते ती त्यांच्या उपजीविकेचे साधन झाली. त्यामुळे तिथले तिवर तोडायला आता गावचाच माणूस धजणार नाही. विरारजवळ मारंबळपाड्यालाही गावकरी वैतरणेच्या खाडीतून बोटीने कांदळवन दाखवितात. आपल्या तानसेचे पाणी जिथे पोचते ते ठिकाण पाहायचे असेल तर तेथे जावे. एका दिवसात जाऊन येता येते.

जाणाऱ्यांसाठी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, "आम्हांला जमेल का?", आता सोपे आहे. जमेल. मात्र पैसे देण्यापूर्वी मार्गदर्शकाला पाच प्रश्न विचारावेत. आजची भरती किती वाजता? प्रत्येकाच्या मापाचे जाकीट आहे काय? एका मार्गदर्शकामागे किती माणसे? मागे कोण राहणार? परवानगी घेतली आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाला "काही होत नाही हो" असे उत्तर मिळाले तर तेथून परतावे. बरोबर पिण्याचे पाणी, टोपी आणि पट्ट्याची चप्पल न्यावी. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावा किंवा काठावरच ठेवावा. आणि पोट भरून जेवून जाऊ नये!

लेख संपविण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयासाठी एक सूचना मांडते. क्रीडा विभागात क्रिकेटच्या बॅटी आहेत, कबड्डीचे मैदान आहे. त्यांच्या जोडीला दहा चांगली जाकिटे, दोन दोर आणि वर्षातून आठ दिवस पोहण्याचा वर्ग, तोही मुलींसाठी स्वतंत्र वेळ ठेवून, एवढे झाले तर फार मोठे काम होईल. त्यात तरंगणे, प्रवाह ओळखणे आणि बुडणाऱ्याकडे स्वतः उडी न घेता दोर फेकणे, इतक्या तीनच गोष्टी शिकवाव्यात. प्राध्यापक मंडळींनी याचा विचार करावा अशी नम्र विनंती. सहल पुन्हा निघेल तेव्हा निघेल. जुलै मात्र दरवर्षी येतो.